वेबर डीसीओई कार्बोरेटरचं ट्यूनिंग, जुन्या अल्फा रोमिओ इंजिनांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं १९६० आणि ७० च्या दशकांतल्या चार सिलिंडरच्या अल्फा रोमिओ डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत: १५७० सीसीची जुलिया स्प्रिंट जीटी, १७७९ सीसीची १७५० जीटी व्हेलोचे आणि १९६२ सीसीची २००० जीटी व्हेलोचे. यांतल्या काही गाड्या कारखान्यातून सोलेक्स किंवा डेलॉर्टो कार्बोरेटर घेऊन बाहेर पडल्या. इथले आकडे मात्र वेबर ४० डीसीओईचे आहेत. लोटस एलानवर दोन डीसीओई बसवलेले असतील तरी पद्धत हीच. जेटचे, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यांचे, आकडे तेवढे बदलतील.

एका इंजिनाला दोन कार्बोरेटर कशासाठी?

खरं तर चार. एका डीसीओईत दोन बॅरल असतात आणि प्रत्येक बॅरल एकाच सिलिंडरला हवा-पेट्रोल पुरवतं. त्याचा बटरफ्लाय (हवा अडवणारी-सोडणारी चकती) वेगळा, जेट वेगळे, मिश्रणाचा स्क्रू वेगळा. एदुआर्दो वेबर यांनी १९२३ मध्ये बोलोन्यात कंपनी काढली. अल्फाने १९५४ मध्ये जुलिएत्ता स्प्रिंटसाठी ॲल्युमिनियमचं, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट असलेलं १२९० सीसीचं इंजिन आणलं आणि १९५६ च्या व्हेलोचेवर दोन जुळे वेबर चढवले. पाय दाबताक्षणी इंजिन उसळतं ते या मांडणीमुळे, कारण बटरफ्लाय आणि व्हॉल्व्ह यांच्यात वीतभर अंतर असतं आणि शेजारच्या सिलिंडरची ओढ आड येत नाही. त्याची किंमत म्हणजे चारही बॅरल सारखी ठेवावी लागतात. एक जरी मागे पडलं तरी सगळं इंजिन आजारी वाटतं.

गाडी मिस मारते, पिकअप नाही. आधी कार्बोरेटर उघडायचा का?

नाही. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. चकचकीत आणि हाताशी असल्यामुळे दोष पहिल्यांदा त्याच्या माथी मारला जातो. स्क्रू फिरवले जातात, जेट बदलले जातात, आणि मूळ दोष इग्निशनच्या पॉइंटमध्ये निघतो. तोवर कार्बोरेटरही बिघडलेला असतो.

सुरुवात व्हॉल्व्हच्या क्लिअरन्सपासून करा. या इंजिनात कॅमखाली कप आणि कपाखाली शिम, म्हणजे फट जुळवणारी चकती, असतो. शिम बदलायला कॅमशाफ्ट उचलावा लागतो, म्हणून हे काम टाळलं जातं. पण इनटेक व्हॉल्व्ह घट्ट असेल तर तो नीट बसत नाही आणि कार्बोरेटरच्या तोंडातून फटका येतो. तो फटका ऐकून लोक मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) करत बसतात. क्लिअरन्सचा आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या, आणि इंजिन पूर्ण थंड असताना मोजा.

मग कॉम्प्रेशन. इथे एक गोष्ट हमखास राहून जाते: मोजताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा. प्रत्येक सिलिंडरवर स्वतंत्र बटरफ्लाय असल्यामुळे तो मिटलेला राहिला तर हवाच आत येत नाही, आणि धडधाकट इंजिन मेलेलं दिसतं.

त्यानंतर इग्निशन. पॉइंटची गॅप, कंडेन्सर, प्लगच्या वायरी, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. क्रँकच्या पुलीवर पी, एफ आणि एम अशा तीन खुणा कोरलेल्या असतात. पी म्हणजे टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर), एफ म्हणजे स्लो चालतानाचा ॲडव्हान्स (ठिणगी त्याच्या किती आधी पडते ते), एम म्हणजे कमाल ॲडव्हान्स. टायमिंग लाइट लावून ५००० आरपीएमला एम जुळतो का ते बघा. फक्त एफ जुळवून थांबू नका. डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या स्प्रिंगा पन्नास वर्षांत ढिल्या पडलेल्या असतात. स्लोला टायमिंग बरोबर आणि वर गेल्यावर भलतंच, हे नेहमीचं चित्र आहे.

एवढं झाल्यावर फिल्टर, पेट्रोलचं प्रेशर आणि हवेची गळती. मग कार्बोरेटर.

हवा कुठून तरी आत ओढली जातेय हे कसं ओळखायचं?

अल्फावर संशयाची पहिली जागा ठरलेली: कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधलं रबराचं माउंट. इंजिनाच्या थरथरीने फ्लोटच्या भांड्यातलं पेट्रोल फेसाळू नये म्हणून कारखान्याने तिथे रबर दिलं. ते उन्हाने, पेट्रोलने आणि वयाने चिरतं. वरून ठणठणीत दिसतं, चीर खालच्या बाजूला असते. कार्बोरेटर हाताने हलकेच वर उचलून धरा आणि खालून आरसा व टॉर्च घेऊन बघा. रबर आणि धातूचा जोड उघडताना दिसेल.

इंजिन स्लोवर चालू असताना साध्या पाण्याचा बारीक फवारा जोडावर मारला आणि आवाज बदलला तर गळती तिथेच आहे. पेट्रोल किंवा क्लीनर फवारून बघू नका. गरम इंजिनावर आग लागायला क्षण लागत नाही, आणि जवळ आग विझवायचा सिलिंडर नसेल तर कार्बोरेटरच्या कुठल्याच कामाला हात घालू नका.

इतर गाड्यांवर रबरी माउंटऐवजी ओ-रिंगची प्लेट आणि स्प्रिंगसारखे दुपदरी वॉशर असतात. ते वॉशर पूर्ण दाबून कसायचे नसतात. वेढ्यांमध्ये फट दिसली पाहिजे, नाहीतर लवचीकपणाच जातो.

४०, १३०, ५० एफ ८ हे आकडे काय सांगतात?

४० म्हणजे बटरफ्लायपाशी बॅरलचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आत बसणाऱ्या व्हेंच्युरीला वेबरच्या भाषेत चोक म्हणतात. तो २८, ३०, ३२, ३३ असा मिळतो आणि बदलता येतो. थंडीत ओढायचा चोक वेगळा.

जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो: १३० चा मेन जेट म्हणजे १.३० मिमी, ५० चा आयडल (स्लोचा) जेट म्हणजे अर्धा मिलिमीटर. आयडल जेटवरचा एफ ८, एफ ९ हा हवेच्या भोकाचा प्रकार असतो. हे एफ क्रमांक चढत्या क्रमाने रिच होत नाहीत. एफ ११ हा एफ ८ आणि एफ ९ यांच्या मधला, हे समजेपर्यंत बऱ्याच जणांचे पैसे वाया जातात. मेन जेटच्या पेट्रोलमध्ये हवा घुसळणाऱ्या इमल्शन ट्यूबवरही एफ क्रमांकच असतात, पण त्यांचा आयडल जेटच्या एफशी काही संबंध नाही. सिलिंडर ३५० ते ४७५ सीसीचा असेल तर एफ ९ किंवा एफ १६ ट्यूबपासून सुरुवात करतात. १६०० आणि १७५० दोन्ही त्यात बसतात.

फ्लोट लेव्हल एवढी महत्त्वाची का?

फ्लोट म्हणजे भांड्यातल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग, आणि बाकीचे सगळे जेट त्या पातळीवर विसंबून आहेत. पातळी खाली असेल तर मेन सर्किट उशिरा जागं होतं, वर असेल तर वळणावर आणि ब्रेक दाबताना पेट्रोल बॅरलमध्ये सांडतं.

वरचं झाकण काढा, त्याचं पॅकिंग जागेवर राहू द्या आणि झाकण उभं धरा, म्हणजे फ्लोट स्वतःच्या वजनाने लोंबेल. फ्लोटची पट्टी नीडल व्हॉल्व्हच्या टोकावरच्या छोट्या गोळीला नुसती टेकली पाहिजे, गोळी आत दबता कामा नये. या स्थितीत पॅकिंगपासून फ्लोटपर्यंतचं अंतर बहुतेक पितळी फ्लोटच्या ४० डीसीओईवर ८.५ मिमी ठेवतात आणि पूर्ण खाली सोडल्यावर १५ मिमी. ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत भाग गेज म्हणून छान चालतो. प्लास्टिकच्या फ्लोटचे आकडे वेगळे असतात. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवून बघा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटका आहे, कितीही वाकवला तरी लेव्हल येणार नाही.

पंपाचं प्रेशर किती हवं?

३ पीएसआयच्या आसपास. इलेक्ट्रिक पंप बसवलेला असेल तर रेग्युलेटर आणि गेज दोन्ही लावा. जास्त प्रेशर नीडल व्हॉल्व्हला उचलतं आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो.

दोन्ही कार्बोरेटर सारखे कसे करायचे?

इंजिन पूर्ण गरम हवं, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं रस्त्यावर चालवून आणलेलं. नुसतं उभ्या उभ्या गरम केलेलं चालत नाही. गॅरेजचं दार उघडं ठेवा. धुराने माणूस गुदमरल्याचं कळतही नाही.

दोन कार्बोरेटरमधला जोड ढिला करा. आयडल स्पीडचा स्क्रू पूर्ण मागे घ्या, मग तो लिव्हरला टेकेपर्यंत आत आणि त्यापुढे साधारण अर्धा फेरा. सिंक्रोमीटर (बॅरल किती हवा ओढतं ते दाखवणारं मीटर) बॅरलच्या तोंडावर घट्ट धरा आणि चारही आकडे कागदावर लिहा. जोडाच्या स्क्रूने पुढचा आणि मागचा कार्बोरेटर एकमेकांशी जुळतो. एकाच कार्बोरेटरची दोन बॅरल वेगळी दाखवत असतील तर तो स्क्रू काही करू शकत नाही. बटरफ्लायचा दांडा पिळवटलेला असतो किंवा प्लेट तिरकी बसलेली असते. नंतरच्या डीसीओईवर यासाठी प्रत्येक बॅरलला हवेचा छोटा बायपास स्क्रू दिलेला आहे. जो बॅरल जास्त ओढतो त्याचा बायपास पूर्ण बंद ठेवायचा आणि दुसऱ्याचा त्याच्या बरोबरीला येईपर्यंत उघडायचा.

शेवटी ॲक्सिलरेटर जरा दाबून १८०० ते २००० आरपीएमला पुन्हा मोजा. स्लोला जुळलेले कार्बोरेटर तिथे वेगळे आकडे दाखवत असतील तर लिंकेजच्या सांध्यांत खेळ आहे. झिजलेला बॉल जॉइंट बदलल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

मिश्रणाचे स्क्रू किती फेरे उघडायचे?

स्क्रू हळूच आत बसवा. कसून बसवला तर टोक आणि त्याची बैठक दोन्ही खराब होतात. जुन्या, जाड आट्यांच्या स्क्रूवर अर्धा ते सव्वा फेरा, नंतरच्या बारीक आट्यांवर दीड ते अडीच. इथून एकेका सिलिंडरवर काम करा: पाव-पाव फेऱ्याने आत घ्या, इंजिन लंगडायला लागेल; मग बाहेर घ्या, आवाज भरत जाईल आणि एका जागेनंतर वाढायचा थांबेल. ती जागा तुमची. चारही झाल्यावर स्लो वाढलेला असेल तर तो खाली आणून पुन्हा एक फेरी करा.

चारही स्क्रू साधारण सारखेच उघडे राहायला हवेत. एक तीन फेरे बाहेर आणि बाकीचे एक, असं झालं तर त्या सिलिंडरचा दोष दुसरीकडे आहे. चारही खूप बाहेर मागत असतील तर आयडल जेट लहान पडतोय.

२००० ते ३००० मध्ये गाडी अडखळते. मेन जेट वाढवू?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सर्वांत जास्त पैसे वाया जातात तेही इथेच. हलक्या पायाने साधारण ३००० आरपीएमपर्यंत डीसीओई मेन जेटवर चालतच नाही. तो आयडल जेटवर आणि त्यातून पेट्रोल मिळणाऱ्या प्रोग्रेशनच्या, म्हणजे स्लो आणि मेन यांच्या मधल्या टप्प्याच्या, भोकांवर चालतो. शहरात, सिग्नलला, रहदारीत, म्हणजे गाडीचं बहुतेक आयुष्य याच सर्किटवर जातं.

ही भोकं डोळ्यांनी बघता येतात. बॅरलच्या वर, इंजिनाच्या बाजूला पितळेचं एक छोटं बूच असतं. इंजिन बंद करून ते काढा आणि टॉर्च मारा. खाली बारीक भोकांची रांग दिसेल आणि तिच्या कडेला बटरफ्लायची धार. आता कोणाला तरी ॲक्सिलरेटर अगदी हळू दाबायला सांगा. धार सरकते आणि एकेक भोक उघडं पडत जातं. पाय सोडलेला असताना धारेने ती सगळी झाकलेली असली पाहिजेत. स्लो वाढवायला कुणी स्पीडचा स्क्रू दोन फेरे आत घातला असेल तर पहिलं भोक आधीच उघडं सापडतं. मग स्लोला पेट्रोल नको तिथून येतं, आणि पाय दाबल्यावर जे जास्तीचं पेट्रोल मिळायला हवं ते उरलेलंच नसतं. हाच तो अडखळा. तो कुठल्याही जेटने जात नाही. टायमिंग, गळती आणि सिंक्रो ठीक करून स्क्रू मागे आणल्यावर जातो.

भोकं नीट झाकलेली असूनही अडखळत असेल तर आयडल जेट बदला. मिश्रणाचा स्क्रू इथे कामाचा नाही, कारण तो फक्त स्लोच्या भोकाचं पेट्रोल कमी-जास्त करतो. प्रोग्रेशनला आयडल जेटमधून थेट पुरवठा असतो. पाय दाबताना पोकळ वाटून कार्बोरेटरमधून फुसकं आलं तर लीन, म्हणजे पेट्रोल कमी. जड, बसका आवाज येऊन काळा धूर दिसला तर रिच.

मग मेन जेट आणि एअर करेक्टर कसे ठरवायचे?

चोकच्या आकड्याला चाराने गुणा: ३२ चा चोक असेल तर १२८, म्हणून १३० चा मेन. त्यात ५० मिळवले की एअर करेक्टर (इमल्शन ट्यूबला हवा देणारा जेट), म्हणजे १८०. हा आरंभबिंदू आहे, उत्तर नाही. मेन बदलला की मेन सर्किटची सगळी रेषा वर-खाली होते. एअर करेक्टरचा परिणाम वरच्या आरपीएमला जास्त जाणवतो. मधल्या टप्प्यात बरोबर आणि ५५०० नंतर लीन असेल तर मेनला हात लावू नका, करेक्टर लहान करा.

एक सिलिंडर स्लोला बंद, पण पळवली की ठीक. काय झालं?

आयडल जेट चोंदला. अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाला कचऱ्याचा एक कण पुरतो. वरचं गोल झाकण पंख्याच्या नटाने उघडतं. जेट काढा, उजेडाकडे धरून बघा, हवा मारा. तार घालू नका, भोक मोठं होतं. परत परत होत असेल तर टाकीत गंज आहे.

ई२० पेट्रोलवर जेट बदलावे लागतात का?

हो, बहुतेक वेळा. शुद्ध पेट्रोलला एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉल मिसळलेल्याला सुमारे १३.५. म्हणजे तोच जेट ठेवला तर मिश्रण साधारण ८ टक्के लीन होतं. इंजेक्शनच्या गाडीचा कॉम्प्युटर हे भरून काढतो, कार्बोरेटरला ते कळत नाही. आज भारतात जुनी गाडी चालवणाऱ्याला इटलीतल्या १९६८ च्या मॅन्युअलमधले जेट जसेच्या तसे चालणार नाहीत.

हिशोब सोपा आहे. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून १३० चा मेन १३५ केला की वाढ होते ७.८ टक्के, म्हणजे जवळजवळ हवी तेवढीच. आयडल जेटवर मात्र सांभाळा: ५० चा थेट ५५ केला तर वाढ २१ टक्के. तिथे भोक तेच ठेवून एफ ८ ऐवजी एफ ११ किंवा एफ ९ लावून बघणं शहाणपणाचं.

जेटपेक्षा मोठी काळजी रबराची आणि पाण्याची. जुने पाइप इथेनॉलने फुगतात आणि आतून सोलतात. ते कण सरळ आयडल जेटमध्ये जातात. एसएई जे३० आर९ असं छापलेले पाइप घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणपट्टीच्या पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने झाकून ठेवली तर ते पाणी तळाशी वेगळं होऊन फ्लोटच्या भांड्यात पांढरी बुकटी साचते. गाडी उभी करण्याआधी भांडी रिकामी करा.

घाटावर नेली तर ट्यूनिंग बिघडतं का?

हवा विरळ झाली की मिश्रण रिच होतं, पण हवेच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे वाटतं त्यापेक्षा कमी. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. मुंबईहून तिथे जाताना जेमतेम अडीच टक्के फरक पडतो, काही करू नका. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर, तिथे साधारण सहा टक्के. कायम तिथे राहणारी गाडी असेल तर मेन एक नंबर खाली आणा. सहलीसाठी नको.

प्लगचा रंग बघू की वाइडबँड मीटर लावू?

मीटर. शिसंविरहित पेट्रोलवर प्लगचा रंग पूर्वीसारखा स्पष्ट उमटत नाही. सायलेन्सरच्या पाइपात चौघे एकत्र येतात त्यानंतर सेन्सर बसवा आणि आकडा लॅम्डामध्ये वाचा (१ म्हणजे नेमकं प्रमाण, त्याहून कमी म्हणजे रिच), म्हणजे इथेनॉल कितीही असलं तरी गोंधळ नाही. पूर्ण पाय दाबल्यावर ०.८६ ते ०.८८, स्थिर वेगाने ०.९५ ते १.०. पण मीटर चौघांची सरासरी दाखवतो. एक सिलिंडर लीन आणि एक रिच असेल तरी आकडा सुंदर येतो. म्हणून आधी सिंक्रो, मग मीटर.

गरम असताना सुरू होत नाही.

पंप करू नका. ॲक्सिलरेटरच्या प्रत्येक दाबाला चारही पंप जेट पिचकारी मारतात, आणि उष्णतेने उकळलेलं पेट्रोल आधीच बॅरलमध्ये उतरलेलं असतं. पाय एकदाच अर्धा दाबून तसाच धरा आणि स्टार्टर मारा. कार्बोरेटर आणि पेट्रोलचे पाइप यांना उष्णतेपासून आडोसा द्या.

एअर फिल्टरचा डबा काढून नुसती तोंडं उघडी ठेवली तर?

आवाज मोहक येतो, धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. आपल्या रस्त्यांवर डबा ठेवा. काढलात तर जेटिंग पुन्हा करावं लागेल.

४० काढून ४५ बसवू?

इंजिन त्यासाठी बांधलेलं असेल तरच. १९६५ च्या जीटीएवर अल्फाने ४५ डीसीओई लावले, पण ती गाडी शर्यतीसाठी घडवलेली होती. रस्त्यावरच्या १६०० वर मोठ्या बॅरलमधून हवेचा वेग पडतो आणि खालचा सगळा पिकअप जातो.

जुने वेबर विकत घेताना काय बघावं?

दांडा फिरवून बघा: बेअरिंग खरखरतं का, बटरफ्लाय आपटून पूर्ण मिटतो का. मिश्रणाच्या स्क्रूची टोकं काढून बघा. दोन्ही कार्बोरेटरवरचा प्रकार क्रमांक एकच हवा. ४० डीसीओईचे अनेक उपप्रकार आहेत आणि त्यांची प्रोग्रेशनची भोकं वेगवेगळ्या जागी असतात. वेगळ्या क्रमांकांची जोडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, ती कधीच जुळत नाही. हुबेहूब दिसणाऱ्या नकला बाजारात भरपूर आहेत. ती भोकं नेमकी नसतील तर वर सांगितलेलं काहीच लागू पडणार नाही.

किती दिवसांनी पुन्हा ट्यून करायचं?

एकदा नीट जमलं की वर्षानुवर्षं हलत नाही. व्हॉल्व्हचं काम झालं, माउंट बदललं किंवा पेट्रोल बदललं तरच. जेटचे आकडे, स्क्रूचे फेरे आणि सिंक्रोमीटरचे चारही आकडे बॉनेटच्या आत चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवा, तारखेसकट. पुढच्या मेकॅनिकच्या हातात स्क्रूड्रायव्हर देण्याआधी त्याला तो कागद दाखवा.